पार्वताचे पुढचे दात

त्या दिवशी सांजेले आम्ही दोघं ओट्यावर बसून पेरू खाल्ले. माझी कवळी, म्हणून मी चाकूनं पातळ फोडी करून. पार्वता अख्खा पेरू पुढच्या दातांनी तोडून. "ठेवा ते कवळी खिशात अन् पेरू मले द्या चावाले," म्हणून हसली. दात बसवल्यापासून माझी बायको मोठ्यानं हसायची. त्याच्या आधी किती वर्षं तोंडावर पदर...

तिले मिरगी होती. तरुणपणी एकदा झटक्यात उंबऱ्यावर पडली अन् समोरचे दोन दात गेले. इथं उंद्रीत लोकांले वाटलं, मी मारलं. पारावर एकानं विचारलंच, "काय बे, हात लय जड पडला का?" मी हसलो. दोन पोरी उजवायच्या होत्या. बायकोले मारणारा म्हणवून घेणं मले सोपं गेलं, मिरगीवालीचा नवरा म्हणवून घेणं जड. पोरी नांदायले गेल्या, तरी मी खरं बोललो नाही.

पेरू चावून खायचा, असा तिनं गेल्या साली हट्ट धरला. चिखलीले दातांच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. काही आजार आहे का, बाईनं विचारलं. मी म्हटलं, "काही नाही. घसरून पडली होती."

पार्वता खुर्चीत आडवी होती, ते उठून बसली. "काऊन लपवता हो? बाई, मले मिरगी येते."

"बरं झालं बोललात, आजी," बाई म्हणाल्या. "मी काढायची-घालायची छोटी कवळी देणार होते. झटक्यात तुटून घशात गेली असती."

मग त्यांनी मिरगीच्या डॉक्टरले विचारून घेतलं, गोळी एक दिवसही चुकवू नका म्हणून बजावलं, अन् बाजूच्या दातांच्या आधारानं, आतून धातूचे, पक्के दात बसवले. परतताना एसटीत ही सगळ्यांदेखत म्हणते, "तुमची अब्रू माह्या घशात अडकली असती!"

पेरू खाल्ले त्याच रात्री पार्वता झोपेतच गेली. मिरगीचा झटकाच आला, डॉक्टरनं सांगितलं. मी बाजूले झोपलेलो, मले कळलंही नाही. दात जागच्या जागी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं बसायले आली. "वहिनी अशा अचानक कशानं गेल्या?" कोणीतरी विचारलं. दोघी पोरी माझ्या तोंडाकडे पाहून राह्यल्या होत्या. आता उजवायचं कोणी नव्हतं. माझं काही बिघडणारही नव्हतं.

मी म्हटलं, "हार्ट अटॅक."