डोळा फोडणाराच जिल्हाप्रमुख

व्हँडी कालोन मंत्री झाला तो येबूच्या जिवावर. हे मी त्याच्या तोंडावरही सांगेन.

तेव्हा तो आमच्या धक्क्यावरचा शाळामास्तर होता. निवडणुकीला उभा राहिला, तर जवळ ना गाडी, ना माणसं. येबू आमच्यासारखीच, माशांना धुरी देऊन विकणारी. ती त्याच्यासाठी गावोगाव गाणी म्हणत हिंडली. तिचा नवरा मोमो होडी बांधून ठेवून पत्रकं वाटत फिरला. मतदानाच्या दिवशी दुसऱ्या पक्षाच्या ब्राइमाने मोमोच्या तोंडावर बाटली फोडली. डावा डोळा गेला. व्हँडी दवाखान्यात ढसाढसा रडला. म्हणाला, "मोमो, आजपासून माझे दोन्ही डोळे तुझे."

मग तो मासेमारी खात्याचा मंत्री झाला आणि त्याच्या परवान्यावर मासेमारीच्या मोठ्या परदेशी बोटी पार किनाऱ्यापर्यंत येऊ लागल्या. आमची जाळी फाटली, मासे आटले. येबू आणि मी राजधानीत त्याच्या फाटकाशी दिवसभर बसलो. गाडी बाहेर आली. त्याने आम्हाला पाहिलं आणि काच वर केली.

सरकार पडलं, तेव्हा या गृहस्थाने स्वतःचा पक्ष काढला. वर्षभरात ब्राइमाच्याच पक्षाशी हातमिळवणी करून पुन्हा तेच खातं घेतलं. ब्राइमाला जिल्हाप्रमुख केलं!

त्याच वर्षी पावसाळ्यात एका परदेशी बोटीने मोमोची होडी चिरडली. मोमो सापडलाच नाही. व्हँडीने येबूला तांदळाचं पोतं पाठवलं. पोत्यावर त्याचाच फोटो.

पुढच्या निवडणुकीत तो धक्क्यावर सभेला आला. शेजारी ब्राइमा, पांढराशुभ्र झगा घालून. व्हँडीने हसत येबूच्या हातात माईक दिला. "आमची येबू आता जुनं गाणं म्हणेल!"

"म्हणते की, मास्तर. आधी सांगा, माझा माणूस कुठंय?"

"अगं, ही जागा आहे का ते बोलायची?"

"मग कुठली? तुमच्या फाटकात काच वर केलीत. आणि हा शेजारी बसवलाय, यानेच त्याचा डोळा फोडला ना? मग दवाखान्यात कुणासाठी रडत होतात?"

कुणीतरी माईकची वायर उपटली. पोलिसांनी तिला फरफटत चौकीत नेलं.

आम्ही बायांनी चौकीच्या खिडक्यांखाली चुली मांडल्या, ओली लाकडं पेटवली आणि माशांना धुरी द्यायला बसलो. ठाणेदार खोकत, डोळे चोळत बाहेर आला. "न्या गं बायांनो, न्या तुमच्या बाईला!"

येबू सुटली. व्हँडी मात्र निवडून आला. आमच्या धक्क्यावर हरला, पण इतर गावांनी त्याला तारलं. शपथ घेताना पवित्र ग्रंथावर हात ठेवून तो पुन्हा रडला म्हणे.

परदेशी बोटी अजून समोरच उभ्या असतात. आमच्या होड्यांना काही मिळत नाही, म्हणून येबू त्या बोटींचाच बर्फातला मासा विकत घेते आणि धुरीला लावते. पोट आहे ना. पण त्यातला एक तुकडाही ती स्वतःच्या तोंडात घालत नाही.