भर उन्हात फिका पडलेला चष्मा

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर वाचत आले ते त्यातल्या चुका शोधण्यासाठी. कुठे वाऱ्याचा आवाज असतो, कुठे अपुरी झोप, कुठे नुसती सांगणाऱ्याची हौस... बहुतेक वेळा दुसऱ्या परिच्छेदापर्यंत उत्तर सापडतं आणि मी पान उलटते. त्यामुळे स्वतःचा अनुभव पाठवताना तो शक्य तितका क्रमाने आणि नेमका लिहिते आहे. वाचकांपैकी कुणाला यातली चूक सापडली, तर मला खरोखर आनंद होईल.

मी शिरूरची. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं, नंतर पुण्यात ऑप्टोमेट्री शिकले. शिरूरच्या एसटी स्टँडजवळ माझं चष्म्यांचं दुकान आहे. पाटीवर नाव माझं आहे — वडिलांचं किंवा भावाचं नाही, हे मुद्दाम सांगते. आमच्या घराण्यात मागच्या पिढीपर्यंत सगळे मेंढपाळ. आता बहुतेकांची शेती आहे. पण माझ्या आईचे थोरले भाऊ, न्हावऱ्याचे बिरूमामा, यांनी ऊस-कांदा करतानाही मेंढरं सोडली नाहीत. दिवाळी झाली की मामा, मामी आणि मामांचे चुलत भाऊ तात्या कळप घेऊन भीमा ओलांडतात आणि दौंड तालुक्यात उतरतात. तिकडचे शेतकरी कांदा लावण्याआधी रानात मेंढरं बसवून घेतात — लेंडीखतासाठी.

घटना दोन हजार आठच्या दिवाळीनंतरची. आदल्या वर्षी पुलावर एक ट्रक कळपात घुसला होता. त्यात मेंढरं गेली होती. यंदा पुलावरून जायचं नाही, माझे आजोबा ज्या उतारावरून कळप नेत त्या जुन्या उतारानेच नदी ओलांडायची, असं मामांनी ठरवलं. उतार म्हणजे नदीतली उथळ वाट. अडचणी दोन होत्या. मधल्या काळात वाळू उपशाने पात्रात जागोजागी खोल खड्डे पडले होते. आणि आयुष्यभर उन्हात हिंडून मामांच्या दोन्ही डोळ्यांत कोपऱ्यांतून मांस वाढलं होतं. पाण्यावरची तिरीप त्यांना अजिबात सोसत नव्हती.

आमच्यात कळपाच्या पुढे काठी घेऊन जो चालतो, त्याचा शब्द सगळे मानतात. ती पुढची काठी मामांकडे होती. तात्यांनी सरळच सांगितलं, “बिरू, तुला पान्याचा तळ दिसत आसंल तर पुढं व्हय. न्हाईतर काठी हिकडं दे, मी पुलावरनं नेतो.”

मामा दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात आले.

त्या सुमारास लेन्सचा एक नवा प्रकार माझ्याकडे आला होता. उन्हात गडद होणारी आणि शिवाय पोलराइज्ड. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतो. पोलराइज्ड लेन्स नेमका तोच अडवते, म्हणून तिरीप जाते आणि तळ दिसू लागतो. हा भाग मामांना पटला. गडद होण्याचा भाग पटेना.

“ऊन पडलंय म्हनून काचंला सांगतंय कोन?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही, मामा. उन्हातले अतिनील किरण काचेतल्या रेणूंवर पडतात आणि ते रेणू आपला आकार बदलतात. सावलीत गेलं की हळूहळू पूर्ववत होतात.”

“म्हंजी मेंढरावानीच की. ऊन लागलं की मुंडी खाली, सावली घावली की वर.”

मी त्यांच्या नंबरचा चष्मा करून स्वतः न्हावऱ्याला नेऊन दिला. मामांनी तो लावून पहिल्यांदा गुरांच्या हौदात डोकावून पाहिलं आणि ओरडले, “आगं, कोयता हाय की हितं! तळाला!”

“आन् मी हरवला म्हनून दिवाळीभर माझ्या नावानं शिमगा केला,” मामी म्हणाल्या. पण लोकरीच्या सुताची दोरी वळून त्यांनीच ती चष्म्याच्या काड्यांना बांधली, नदीत पडू नये म्हणून.

तात्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “हिरो झाला आमचा बिरू. मेंढरं मागं येत्यात का शिट्ट्या मारत्यात, बघू आता.”

लेन्स मी दिली होती आणि तळ दिसेल हे आश्वासनही माझंच होतं. म्हणून त्या दिवशी दुकान बंद ठेवून मी त्यांच्यासोबत गेले. माझ्या डोळ्यांवर दुकानातला नमुन्याचा चष्मा होता, त्याच प्रकारच्या लेन्सचा.

आम्ही भीमेच्या उत्तर काठावर, म्हणजे शिरूर तालुक्याच्या बाजूला होतो. पलीकडे दौंड. काठावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, वेड्या बाभळींची खुरटी झुडपं, बाकी सगळं उघडं. उताराची खूण मामांनी मला वाटेतच सांगितली होती. काठावर एक जुना, मोठा करंज होता. दुपारी त्याच्या सावलीत मेंढरं बसवायची. उठवली की करंजाच्या बुंध्याला पाठ लावून, पल्याडच्या म्हसोबाच्या शेंदरी दगडाकडे तोंड करून नीट सरळ चालायचं. दगड अजून होता, आम्हाला दिसत होता. करंज मात्र माझ्या जन्माआधीच्या एका पुरात गेला होता. तो नेमका कुठे उभा होता, हे मामांना आठवत नव्हतं. तात्यांना तर मुळीच नाही. आणि बुंध्याची जागा चुकली की सगळी रेघच चुकणार.

सकाळपासून मामा काठाने वरखाली फिरत होते. चष्म्याने तळ दिसत होता, हे त्यांनी मान्य केलं. पण काठावरून फक्त जवळचं दिसे. खडीचे फिकट पट्टे तीन-चार ठिकाणी पाण्यात उतरत होते. त्यातला कोणता पैलतीरापर्यंत जातो आणि कोणता मध्येच खड्ड्यात संपतो, हे कळायला मार्ग नव्हता. दुपार झाली. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंड्या घालून उभी होती.

“काय करतूस मग?” तात्या म्हणाले. “दिस कलला की पुलावर गाड्यांची गर्दी व्हती.”

मामा वळले आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलू लागले. ते काय बोलले ते माझ्या लक्षात राहिलं नाही, कारण मला त्यांचे डोळे दिसले.

सकाळपासून ते डोळे दिसले नव्हते. या लेन्स उन्हात इतक्या गडद तपकिरी होतात की पलीकडचं काही कळत नाही. आता त्या फिकट तपकिरी होत्या — घरात असतात तशा. मी माझा चष्मा काढून पाहिला. तोही फिकट. मामांना मी जागेवरून हलू नका म्हटलं, आणि स्वतः बाजूला जाऊन उभी राहिले. लेन्स गडद झाली. परत आले, थोडा वेळ थांबले... फिकट.

वर आकाश स्वच्छ होतं. माझ्या हाताला ऊन चटकत होतं. माझी स्वतःची सावली पायाशी काळीभोर पडली होती. म्हणजे उजेड होता, उष्णता होती. नव्हते ते फक्त अतिनील किरण. तापलेली लेन्स कमी गडद होते, हे मला माहीत आहे. पण चार पावलांवर तेच ऊन होतं, आणि तिथे ती नीट गडद होत होती.

“मामी, दगड गोळा करा,” मी म्हणाले. “मी सांगेन तिथे ठेवत चला.”

“आता आनि काय काढलंस, बाई?” मामी म्हणाल्या, पण दगड ओच्यात घेऊन आल्या.

हे काम संथ होतं, कारण लेन्स फिकी पडायला वेळ घेते. प्रत्येक ठिकाणी उभं राहायचं, वाट पाहायची, मग दगड. तात्या हसत होते. “चष्म्याचा नांगर केलाय पोरीनं. रान आखतीया.” हळूहळू दगडांची एक आकृती तयार झाली. लांबट, कडा वेड्यावाकड्या, नदीकडच्या टोकाला अरुंद आणि आमच्याकडे पसरलेली. मी माझ्या सावलीकडे पाहिलं. ती ज्या दिशेला पडली होती, त्याच दिशेला ही आकृती पसरली होती.

एकदा जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. सूर्य आणखी कलेपर्यंत थांबले आणि पुन्हा सगळ्या कडा तपासल्या. पश्चिमेकडच्या दगडांपाशी आता लेन्स गडद होत होती. पूर्वेकडे मात्र दगडांच्या बाहेरही फिकट राहत होती. तो पट्टा सरकला होता — सावली सरकते तसा. फक्त नदीकडचं अरुंद टोक जागचं हललं नव्हतं.

सावली फिरते तेव्हा तिचं एकच टोक स्थिर राहतं. बुंध्याचं.

मी त्या टोकाशी जाऊन उभी राहिले. “मामा, करंज इथे होता.”

तात्यांचं हसू थांबलं. “कशावरनं?”

मी दगड, सूर्य आणि माझी सावली दाखवून क्रमाने सांगितलं. तात्यांनी काठीने तिथली वाळू उकरली. मूळ नाही, खोडाचा तुकडा नाही. काहीच निघालं नाही. “हितं तर कायबी न्हाई,” ते म्हणाले. त्यांचं म्हणणं रास्त होतं.

मामांनी मला एकच विचारलं, “तुला खातरी हाय?”

“हे का घडतंय ते मला माहीत नाही. पण सावली असेल, तर झाड इथेच असलं पाहिजे. याची खात्री आहे.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या फिकट काचांमागे त्यांचे लाल झालेले, मांस वाढलेले डोळे होते. मग त्या टोकाला पाठ करून ते उभे राहिले, म्हसोबाच्या दगडाकडे तोंड केलं, आणि पाण्यात पाय घातला.

मी त्यांच्या मागे उतरले. आश्वासन माझं होतं, काठावर उभं राहणं शक्य नव्हतं. पाणी गुडघ्याला, मग मांडीला. पाण्यात शिरेपर्यंत लेन्स पुन्हा गडद झाली होती, जशी व्हायला हवी तशी, आणि पोलराइज्ड असल्याने तळ स्पष्ट दाखवत होती. आमच्या पायाखाली खडीचा फिकट पट्टा होता, बैलगाडी जाईल एवढा रुंद. दोन्ही बाजूंना गडद हिरवं पाणी. मध्यावर मामांनी काठी उजवीकडे खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली. डावीकडे खुपसली, तिकडेही तेच.

“नीट माझ्या पावलावर पाऊल,” ते म्हणाले. मागे वळून बघितलंही नाही.

पैलतीराला पाय लागल्यावर मामांनी हाळी दिली. पुढचा एडका पाण्यात उतरला, आणि त्याच्यामागे सगळा कळप एका ओळीत, जणू पाण्यावर कुणी लोकरीची दोरी टाकली होती. मामी मधे, तात्या सगळ्यांत शेवटी. दौंडच्या काठावर मेंढरांनी अंग झाडलं आणि आम्ही सगळे नखशिखांत भिजलो. मामींनी कळप मोजला. एकही कमी नव्हतं. त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

तात्यांनी मामांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून उलटसुलट पाहिला, परत त्यांच्या नाकावर ठेवला आणि माझ्याकडे वळले. “माझं बी डोळं तपासायचं हायती,” ते म्हणाले. एवढंच. तात्यांकडून एवढंही पुष्कळ असतं.

त्यानंतर मी जे करायला हवं ते सगळं केलं. दोन्ही चष्मे दुकानातल्या अतिनील दिव्याखाली तपासले, दोन्ही निर्दोष. लेन्स बनवणाऱ्या प्रयोगशाळेला फोनवर नाव-गाव न सांगता विचारलं, की भर उन्हात एखाद्या मर्यादित जागेत लेन्स फिकी पडू शकते का. उत्तर आलं, नाही. पुढच्या उन्हाळ्यात नवे चष्मे घेऊन पुन्हा त्या काठावर गेले, पूर्ण दुपार उभी राहिले. लेन्स सगळीकडे सारख्याच गडद. खऱ्या झाडाच्या सावलीतही आकाशातून विखुरलेले अतिनील किरण येतात, त्यामुळे लेन्स इतकी फिकी पडत नाही, हेही मला ठाऊक आहे. म्हणजे ‘सावली’ हे स्पष्टीकरणसुद्धा पुरेसं नाही. आम्हा चौघांना एकाच वेळी भास झाला म्हणावं, तर तात्या आधीपासून विरोधात होते आणि दगड त्यांच्यासमोर ठेवले गेले.

कळप आता दरवर्षी त्याच उताराने जातो. पुढची काठी मामांकडेच आहे. मागच्या महिन्यात ते नंबर तपासायला दुकानात आले होते. बाकावर दुसरी गिऱ्हाइकं बसली होती, आणि मामा त्यांना ऐकवत होते, “ह्या चष्म्यानं मला नदीत वाट दावली.”

“मामा, चष्मा वाट दाखवत नाही,” मी म्हणाले. “तो फक्त प्रकाश गाळतो.”

“बरं. मग कुनी दावली? तू शिकलीयास, तू सांग.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्यांचा चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, “माहीत नाही, मामा.”

मामा बाकावरच्या लोकांकडे वळले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू मी एखादं पदक आणलंय. “बघा,” ते म्हणाले, “आमच्या भाचीला जे म्हाईत न्हाई, ते ती म्हाईत न्हाई म्हनून सांगती. म्हनून तर तिनं ‘हितं’ म्हनलं, तवा मी पान्यात उतरलो.”