रायरांची धाकटी राणी

“सकाळधरून काय खाल्लें तिनें?”

नाटकातलं कुठलंही काम हातात पडलं की रायर आधी हे विचारत. भाषणं किती, टाळी कुठे, हे मागाहून. त्यांच्या वाट्याला कायम दुष्ट बायका यायच्या. कुणी सवतीला विष घालणारी, कुणी सुनेला कोंडणारी. पण ती उपाशी आहे की जेवून आली आहे, हे कळल्याशिवाय रायर तालमीला उभे राहत नसत.

कुंभकोणमात मराठी माणसाला सरसकट रायरच म्हणतात, तेव्हा हे त्यांचं नाव समजू नका. मलाही म्हणत. आम्ही दोघं एका विमा कंपनीच्या कचेरीत समोरासमोर बसायचो. ते हेडक्लार्क, मी पुण्याहून नुकताच येऊन पडलेला. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आले आणि घरातली भाषाही तेव्हाचीच राहिली. त्यांचं मराठी ऐकून मला खापरपणजोबा बोलल्यासारखं वाटे, माझं ऐकून ते विचारत, “ताप आहे काय तुम्हास? इतकें लगबगीनें कां बोलतां?”

दर गोकुळाष्टमीला विठोबाच्या मठात मराठी मंडळी नाटक करत. बायकांची कामं पुरुषच करत. दुष्ट बाई समोर आली की प्रेक्षकांतल्या बायकांनी कडाकडा बोटं मोडायची, ही तिथली रीत. बोटांचा आवाज मोठा, तर नाटक चांगलं.

त्या वर्षी नवं नाटक लिहायचं काम माझ्याकडे आलं. पुण्यात माझी एक एकांकिका झाली होती. ती अर्ध्यावर थांबवावी लागली, हे मी कुंभकोणमात कुणाला बोललो नव्हतो. मी सावत्र आईचं नाटक लिहिलं. धाकटी राणी थोरलीच्या पोरक्या मुलीला रानात हाकलते. राणीच्या तोंडी मी इतकं जहर घातलं की लिहिताना माझीच मला भीती वाटली, आणि अभिमानही.

वाचन रायरांच्या तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर झालं. मी रंगात येऊन “सावत्र ती सावत्रच, साखरेत घोळली तरी निंबोळीच” हे वाक्य फेकलं, नेमकी तेव्हाच त्यांची बायको कॉफी घेऊन बाहेर आली. तिनं पेले उंबऱ्यावरच ठेवले आणि आत गेली. मला वाटलं, माझ्या लेखणीचा परिणाम. परिणाम होताच.

समोरच्या ओट्यावर आत्याबाई वाती वळत बसल्या होत्या. सगळ्या गल्लीच्या आत्या, स्वतःचं मूलबाळ नसलेल्या. त्या म्हणाल्या, “बेस लिहिलें हो. दूर कशास जातां, राणी आमच्या गल्लींतच आहे कीं.”

तेव्हा मला उमगलं. रायरांची पहिली बायको गेलेली, ही दुसरी. घरातली आठ वर्षांची मुलगी पहिलीची. पोर जात्याच नाजूक. ती नुसती खोकली तरी गल्ली हिच्याकडे बघे. विहिरीवर ही आली की बायकांचं बोलणं थांबे. आता तिच्याच नवऱ्यानं भर मठात सावत्र आई उभी करायची, आणि सगळ्यांनी बोटं मोडायची. त्यानंतर तिला तोंडावर ‘राणी’ म्हणायला कुणाला चोरी उरली नसती.

“रायर, मी हे फाडून टाकतो,” मी हळूच म्हणालो.

“नको. हें सोंग मीं टाळलें तर लोक काय समजतील?”

“मग ते निंबोळीचं वाक्य तरी काढतो.”

“ऱ्हाऊं द्या. राणीच्या दासीस द्या तें. असें बाहेरचेंच माणूस बोलतें.” मग ते म्हणाले, “पण त्या दासीसही वाईट नका करूं हो. तिच्या कडेवर कधीं कोणी पोर दिलें नसेल.”

समोर वाती वळणारे हात थांबले.

मी वैतागलो. “अहो, दुष्ट बायका आहेत ह्या. त्यांचे एवढे लाड कशाला?”

“तुम्हींच जन्म द्यायचा, आणखी तुम्हींच बोटें मोडायचीं? तुमच्यावांचून त्यांस आहे कोण?”

तुमच्यापैकी कुणी लिहीत असेल तर ह्याला उत्तर सुचतं का बघा.

नाटकाला मी वही घेऊन विंगेत बसलो. रायरांची बायको मुलीला घेऊन अगदी मागे, खांबाला टेकून बसली होती. राणी आली आणि बोटं अशी वाजली की मठाच्या व्यवस्थापकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मग हाकलण्याचा प्रवेश आला. माझी सूचना होती, राणी मुलीला केसांना धरून फरफटत नेते.

मुलगी म्हणजे शिंप्याचा पोरगा, कमरेपर्यंतचे खोटे केस लावलेला. रायरांनी केस धरले, आणि हात थांबला. त्यांनी केसांकडे पाहिलं. मोकळे होते. मला वाटलं, विसरले. मी कुजबुजलो, “ओढा.” मग जरा मोठ्यानं. मग इतक्या मोठ्यानं की मृदंगवाल्यानं घाबरून आपला मृदंग जवळ ओढला.

राणीनं पोरीला खाली बसवलं. स्वतः मागे बसली. केसांचे तीन पेड केले आणि सावकाश, घट्ट वेणी घातली. आपल्या अंबाड्यातला मोगरा काढून त्या वेणीत खोवला. मग पोरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “आतां जा.” पोर गेली. हात तसाच हवेत राहिला.

हाकललं तर तिनं होतंच. त्यात तसूभर सूट नव्हती. पण मोडायला एकत्र आलेली बायकांची बोटं तशीच राहिली. व्यवस्थापक मला बाजूला घेऊन म्हणाले, “पडलें हो तुमचें नाटक.”

रायर खोबरेल लावून रंग पुसत होते. मी विचारलं, “वेणी कुठे लिहिली होती मी?”

“रोज तीच घालीत असेल कीं. एका दिवसाच्या रागानें हात विसरेल काय?” मग आवाज खाली करून म्हणाले, “घरीं पाहतों मी.”

दोन दिवसांनी कचेरीला जाताना मी त्यांना बोलवायला गेलो. त्यांची बायको ओट्यावर मुलीची वेणी घालत होती. इतके दिवस हे आत, मागच्या पडवीत चाले. आत्याबाई भाचीच्या पोरीचं मनगट धरून रस्ता ओलांडून आल्या. म्हणाल्या, “अगे, हिचीही घालून देतेस काय? माझा हात दुखतो.”

बायकोनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग सरकून जागा केली. “बस गे.”

रायर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मला ते साडीत आठवत नाहीत. आठवतात ते त्यानंतरच्या एका सकाळचे. ओटाभर गल्लीतल्या पोरी केस मोकळे सोडून पाठमोऱ्या बसलेल्या, आणि मागे उंबऱ्याच्या आत रायर, काखेत छत्री, हातात डबा. ओलांडून यायला पाऊलभर जागा नव्हती.

“साहेबास सांगा, येतों,” ते मला म्हणाले, आणि छत्री भिंतीला टेकवून उंबऱ्यावरच बसले.