कौसाबाईंची सुतळी

दुष्काळाच्या वर्षातला फेब्रुवारी. शिरूर अनंतपाळला मुलींच्या वसतिगृहाची मी रेक्टर... आणि फाईल नीट असली की जग नीट चालतं, अशी माझी पक्की समजूत!

पंप सांभाळायला माणूस हवा होता. कौसाबाई आल्या, वीस वर्षं गावोगावचे हापसे दुरुस्त केलेल्या. आयटीआयचं सर्टिफिकेट नव्हतं, म्हणून मी त्यांना परत पाठवलं आणि सर्टिफिकेटवाल्या माणसाला घेतलं. फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं तेव्हा.

पंधरा दिवसांत नळाला नुसती हवा यायला लागली. त्या माणसाने मोटार तपासली, वायरिंग तपासलं. सगळं ठणठणीत. म्हणजे बोअरच आटला, असा त्याने रीतसर लेखी रिपोर्ट दिला.

टँकरचा भरवसा नव्हता. संस्थेचा निरोप आला, मुलींना उद्या घरी पाठवा. दहावीची परीक्षा तोंडावर... आणि घरी गेलेली प्रत्येक मुलगी परत येतेच असं नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

शेवटी लाज गिळून कौसाबाईंना फोन लावला. तासाभरात आल्या. सुतळीला लोखंडी नट बांधला आणि पाईपच्या कडेने बोअरमध्ये सोडत राहिल्या... वर ओढून शेवटचा तुकडा चिमटीत दाबला. ओला!

“म्याडम, पाणी हाय. खाली गेलंय निस्तं. मोटार वरच लटकून राहिली. दोन पाईप वाढवा. अन् पाव तास चालवून बंद करा, झरा भरू द्या.”

दुपारपर्यंत मोटार खाली उतरली. नळातून आधी हवा, मग गढूळ, मग चांगलं पाणी... मुली बादल्या घेऊन धावल्या. मी पायरीवर बसून चक्क रडले.

सर्टिफिकेट बिनकामाचं असतं, असं नाही म्हणत मी. मोटार खाली उतरवताना वाढीव वायर त्या माणसानेच जोडली, आणि चोख जोडली. पण कौसाबाईंना मी काम येतं का, हे विचारलंच नव्हतं. कागद तेवढा विचारला होता.

जाताना मी म्हटलं, “माझा राग नाही आला?”

“आला की. लई आला. पण तुमचा राग पोरींवर कशाला काढू?”

संस्थेशी भांडून त्यांनाही कामावर घेतलं. त्या वर्षी परीक्षेआधी एकही मुलगी घरी गेली नाही. कौसाबाई, माझं नाव ऐकूनही तुम्ही फोन ठेवला नाहीत... तुमचे उपकार कसे फेडू?