रामटेके मॅडमनी लिहायला लावलेला दिवस

कोहमाऱ्याच्या फाट्यावर बसची वाट पाहत होते तेव्हा वर्गमैत्रिणीचा फोन आला. "मॅडम गेल्या गं," एवढंच ती म्हणाली. माझी बस आली, निघूनही गेली; मी उभीच होते… त्याला आता दीड महिना होईल.

रामटेके मॅडम गोंदियाला आम्हा समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना सामाजिक धोरण शिकवायच्या. कुठल्या देशात म्हाताऱ्यांची काळजी सरकार कशी घेतं, कुठे ती घरावरच सोडलेली असते, हे अगदी सावकाश समजावून सांगायच्या. आम्ही बहुतेक धानपट्ट्यातल्या शेतकऱ्यांची मुलं. एकदा वैतागून मी म्हटलं, "मॅडम, तिकडल्या देशाचं आमाले कायले?" वर्ग हसला. त्या रागावल्या नाहीत. मी भरून दिलेला कुटुंब-पाहणीचा कागद त्यांनी काढला. त्यात माझ्या कुसुममावशीच्या नावापुढे मी लिहिलं होतं, 'काही करत नाही.'

"तुझ्या आजीचं कोण पाहतं?"

"मावशीच."

"काही देशांत याच कामासाठी घरच्या माणसाला सरकार भत्ता देतं. आणि तू म्हणतेस, काही करत नाही. जा, तिचा एक दिवस लिहून आण."

मी धुसफुसतच गावी गेले. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर धानाची रोवणी चालली होती. गावातल्या सगळ्या बाया शेताच्या बांधीत रोपं लावत, आणि मावशी अंथरुणाला खिळलेल्या आजीला चमच्याने पेज भरवत बसलेली. दिवसभर मी वही घेऊन तिच्या मागे. "काऊन लिहून राहिली, बाई?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने पदराने आजीचं तोंड पुसलं. मग हळूच म्हणाली, "आंग पुसतो, थे बी लिव…"

वर्गात वाचताना त्या ओळीपाशी मी थांबले. उरलेलं मॅडमनी वाचलं, एकही शब्द न गाळता. तोवर शिक्षण सोडायचं माझ्या मनात घोळत होतं. पुन्हा तो विचार आला नाही.

पुढे मॅडमना अर्धांगवायू झाला. दोन वर्षं त्यांचं सगळं धाकट्या बहिणीने, लताताईंनी केलं. मागच्या आठवड्यात मी लताताईंना भेटायला गेले. मॅडमच्या खोलीत पुस्तकं होती तशीच होती. खाटेवर चादर नीट ताणून घातलेली. "अजून पाचलाच जाग येते," लताताई म्हणाल्या. "तिची वेणी घालायला कंगवा घेते हातात… मग ध्यानात येतं."

थोड्या वेळाने त्या चहा ठेवायला उठू लागल्या. मी हाताला धरून त्यांना बसवलं, आणि चहा करायला आत गेले.