दीनाला कोणी विचारलं?

आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर आजोबांचं नाव कोरलेलं होतं. वाटीवर, चमच्यावर, झाकणावरसुद्धा. भांडी शेजारीपाजारी गेली तरी परत यावीत, म्हणून.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. जळगावात खाली आमचं धान्याचं दुकान आणि वर घर. आम्ही मूळचे राजस्थानचे. घरात मारवाडी, गल्लीत मराठी आणि शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषा मला येत होत्या आणि मी एकीतही फारशी बोलत नसे. दोन्ही मोठे भाऊ दुकानात बसायचे. मी नुकतीच अकरावीत गेले होते.

भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मागच्या गल्लीत मुली भुलाबाईची मूर्ती बसवून रोज संध्याकाळी गाणी म्हणायच्या. ती आमची नव्हती, त्यांची होती. मी गच्चीतून गाणी ऐकायचे. त्या वर्षी वर्गातल्या एका मैत्रिणीनं बोलावलं आणि आईनं जाऊ दिलं. गाणी संपली की बंद डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. मी घरची मठरी, म्हणजे खारी खुसखुशीत पुरी, नेली होती. डबा कानाशी हलवला.

"शेव शे!" मैत्रिणीची आई स्वयंपाकघरातून ओरडली. ती धुळ्याकडची, तिचं बोलणं ऐकून मुली नेहमी हसायच्या.

"शेव इतकी वाजते का काकू? शंकरपाळे!"

"चकली! चकलीचा चुरा!"

सगळ्या हरल्या. मठरी हा शब्दच त्यांना माहीत नव्हता. मी इतकी हसले की त्या खाऊ सोडून माझ्याकडे बघायला लागल्या. डबा तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा कॉलेजात जाणारा भाऊ मला कोपऱ्यावर भेटला. सायकलवरून न उतरता त्यानं डबा पुढे केला. "मी असतो तर ओळखलं असतं," तो म्हणाला आणि गेला. समोरच्या पानवाल्याकडे दोघांतला धाकटा भाऊ उभा होता.

संध्याकाळी माझ्या दोघा भावांनी त्या मुलाला बर्फाच्या कारखान्यामागे गाठलं. त्याचा उजवा हात मोडला. घरी येऊन दोघं नळाखाली हात धूत होते. मोठा म्हणाला, "आमची बहीण काय रस्त्यावर पडलीय?" हे तो मला म्हणाला नाही. मी दारातच उभी होते.

बाबूजी, माझे वडील, दुकानाची फळी लावून वर आले. "आपण इथे परके आहोत," ते भावांना म्हणाले. "मूठभर माणसं. उद्या गल्ली उठली तर दुकान कुठे घेऊन जाऊ?" मग ते हात जोडायला त्या मुलाच्या घरी गेले. पोलिसांत कोणी गेलं नाही. माझं कॉलेज मात्र बंद झालं. आठवड्याच्या आत मला धुळ्याला भुआजींकडे, म्हणजे आत्याकडे, पाठवलं. मालेगावच्या एका घरी माझ्या लग्नाचं बोलणं चालू होतं. ते ठरलं तर शिक्षण तिथेच संपणार होतं.

भुआजी बाबूजींच्या थोरल्या बहीण. त्यांच्यासमोर बाबूजीही पाय पसरून बसत नसत. त्यांच्या घराला एकच दार होतं आणि त्याची किल्ली त्यांच्या कमरेला. माळ्यावरच्या खोलीत दिवसभर आम्ही दोघी पापड लाटायचो. खिडकीतून रस्ता दिसत नव्हता, फक्त शेजारच्या घराचे पत्रे दिसायचे. त्यावर एक फुटका माठ पालथा पडला होता. घराची सावली त्या माठावरून सरकली की दुपार झाली, हे मला घड्याळाशिवाय कळायला लागलं.

वाचायला एकच पुस्तक जवळ होतं. दहावीत चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून शाळेतल्या ख्रिस्ती सिस्टरांनी दिलेलं त्यांचं इंग्रजी धर्मपुस्तक. भुआजींनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि "देवाचं आहे ना? मग वाच," म्हणून परत दिलं. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. मला वाटलं होतं, शाळेच्या प्रार्थनेसारखं सौम्य काही असेल. पण चौथ्याच पानावर भाऊ भावाला शेतात नेऊन मारतो. पुढे एकजण बायकांसमोर बढाई मारतो, की मला जखम करणाऱ्याला मी ठार केलं. दुसरा आंधळ्या बापाला फसवून थोरल्याचा आशीर्वाद पळवतो. सिस्टरांनी हे सगळं वाचलं असेल का, असा मला प्रश्न पडायचा.

मग दीना आली.

एका दुपारी भुआजी म्हणाल्या, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? मोठ्यानं सांग. माझेही हात चालतात, कान रिकामेच आहेत."

मी वाक्य वाक्य मारवाडीत करून सांगू लागले. परक्या मुलखात राहायला आलेलं एक कुटुंब. पुष्कळ भाऊ आणि ही बहीण, दीना.

"नावच दीना? मग काय भलं होणार!"

"ती त्या गावातल्या मुलींना भेटायला बाहेर पडली," मी म्हणाले आणि थांबले. भुआजींचं लाटणंही थांबलं.

"हं. पुढे."

पुढे त्या गावच्या राजाच्या मुलानं तिच्यावर जबरदस्ती केली आणि मग लग्नाची मागणी घातली. भावांनी होकाराचं नाटक करून गावातल्या सगळ्या पुरुषांना सुंतेचा विधी करायला लावला. तो विधी मी गाळला. मारवाडीत त्याला शब्द असेल, पण भुआजींसमोर मला तो उच्चारता आला नसता. पुरुष दुखण्यानं पडून असताना दोघा भावांनी तलवारीनं सगळे कापून काढले. बाप म्हणाला, आपण थोडे आहोत, आता आजूबाजूचे लोक आपल्यावर उठतील. भाऊ म्हणाले, मग आमच्या बहिणीशी कोणी कसंही वागावं का? गोष्ट तिथेच संपते.

"आणि ती पोरगी काय म्हणाली?"

"काही नाही."

"नीट बघ."

मी सगळं पान पुन्हा वाचलं. "तिचं एकही वाक्य नाही."

"कोणी विचारलंच नाही तिला?"

"नाही."

तिच्यावर खरंच अत्याचार झाला होता. माझ्या हातात तर फक्त डबा दिला होता. तरी मला पापड दिसेनासा झाला.

भुआजींनी पदराला हात पुसले. "तुला कोणी विचारलं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग मी विचारते. काय झालं होतं?"

"डबा परत दिला."

"इतकंच?"

"मी असतो तर ओळखलं असतं, म्हणाला. खाऊ."

भुआजींनी पुढची लाटी घेतली.

रविवारी बाबूजी मालेगावचा होकार घेऊन आले. भुआजींनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "ती इथेच राहील. इथल्या कॉलेजात तिचं नाव घाल."

"जीजी, लोक बोलतील."

"लोकांना बोलायला विषय तुझ्या मुलांनी दिला, हिनं नाही. त्यांचं दुकान बंद केलंस का?"

बाबूजी माझ्याकडे न बघता पाणी प्यायले.

मी धुळ्यात कॉलेजला जाऊ लागले. भुआजी फाटकापर्यंत सोडायच्या आणि सुटायच्या आधीच येऊन उभ्या राहायच्या. मैत्रिणीकडे जायचं नाही, ही अट होती. वर्गात मी भिंतीकडच्या बाकावर बसायचे. घरी आले की दाराला पुन्हा कुलूप लागायचं. जळगावहून त्या मैत्रिणीचं कधी काही कळलं नाही.

पुस्तक मात्र मी सोडलं नाही. बऱ्याच पानांनंतर दुष्काळात ते कुटुंब दुसऱ्या देशात निघतं. निघालेल्या माणसांच्या नावांत एका ओळीत तीही आहे. मी भुआजींना सांगितलं.

"म्हणजे तेव्हाही बापाच्याच घरात होती," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाताना पांझरा नदीच्या पुलाच्या तोंडाशी त्या थांबल्या. गुडघे दुखतात असं काहीतरी पुटपुटल्या. पण त्यांचे गुडघे कधीच दुखत नव्हते.

"जा पुढे," त्या म्हणाल्या.

मी पुलावरून एकटी चालू लागले. त्या अजून तिथेच उभ्या आहेत, हे मला मागे न बघताही कळत होतं.