किती घेता?

अर्धे कपडे दोरीवर आणि अर्धे पिळून बादलीत, तेवढ्यात दादा आला. माझा थोरला भाऊ, शिंपी. हातात इस्पितळाचं पाकीट. "वाच," म्हणाला. ओल्या हातांनीच वाचलं: मद्यसेवन, रोज तीन ते पाच, पंचेचाळीस वर्षांपासून, सबब संशोधनातून वगळण्यात येत आहे.

दादाने जन्मात दारूला हात लावलेला नाही. लावेल कसा? वडिलांना रस्त्यावरून उचलून आणायचं काम त्याचंच होतं. त्याच्या सोळाव्या वर्षी ते गेले, आणि हा त्यांच्या शिलाई मशीनवर बसला तो बसलेलाच आहे. समोर खिडकी, शेजारी चहाचा कप, त्यात तीन चमचे साखर. जेवणाची वेळ गिऱ्हाईक ठरवणार. पोट सुटलं, यकृतात चरबी साठली, आणि गेल्या तपासणीत ते ताठर होत चालल्याचं निघालं. इस्पितळात याच आजारावर नव्या औषधाचं संशोधन चाललं होतं, फक्त न पिणाऱ्या माणसांवर. वर्षभर औषध, दर तीन महिन्यांनी तपासणी. दादाचं नाव लागलं तेव्हा मी देवापुढे जास्तीचा दिवा लावला होता.

"हा घोळ झाला कसा?" मी विचारलं.

"त्या फॉर्म भरणाऱ्या बाई म्हणाल्या, किती घेता? मी म्हटलं, तीन. कामाची घाई असली की पाच. कधीपासून? म्हटलं, मशीनवर बसल्यापासून."

"अरे, पण काय घेता, ते नाही विचारलंस?"

"त्यांच्यापुढे चहाचा कप होता गं. मला वाटलं, चहाचंच विचारतायत."

कपडे तसेच टाकून त्याच्याबरोबर गेले. डॉक्टर सभ्य होते. "चूक झाली असेल, काका. पण सही तुमचीच आहे, आणि तुमची जागा आता भरली."

दादा खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, मी गिऱ्हाइकाचं माप दोनदा घेतो. तुम्ही एकदाच विचारलंत."

"साखर सोडा, रोज चाला, वजन उतरवा," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्याला बोलावलं.

घरी वहिनीने कागद वाचला. भांडली नाही. उठली आणि मशीनच्या तेलाची बाटली हुंगून पाहिली. मग म्हणाली, "शेवटी बापावरच गेलात." मी शपथेवर सांगितलं, तर म्हणे, "तुम्ही बहीण. तुम्ही झाकणारच."

दादाने त्याच दिवसापासून चहा बंद केला. डोकं ठणकायला लागलं, हात कापायला लागले, एका पँटचा पाय दोन बोटं आखूड शिवला. शेजारचा इस्त्रीवाला दारात येऊन सांगून गेला, "सुटताना असंच होतं, मास्तर. पण बरं केलंत, सोडलीत ते."

देवा, खोटं बोलणाऱ्याला शिक्षा होते हे मी लहानपणापासून ऐकत आले. खरं बोलणाऱ्याचं काय करतोस, ते मला आज कळलं. दिवा लावला, पण आज मागितलं काहीच नाही.

वहिनीने परस्पर नाव नोंदवून ठेवलंय. मी दादाला विचारलं, "तू जाणार आहेस?"

"जातो," तो म्हणाला. "काय घेता, एवढं तरी तिथे विचारतील."

उद्या सकाळी दहाला दादाला व्यसनमुक्ती केंद्रात जायचं आहे.